वरच्या मजल्यावरचं आरमार

किस्से म्हणजे आमच्या तळघरातल्या परत द्यायच्या रिकाम्या बाटल्या. शनिवारी दुकानात नेऊन टाकू म्हणता म्हणता ढीग होतो, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. परवा मैत्रिणींमध्ये बसले होते, कोणीतरी सहज विचारलं, "तुमच्या वरचे ते कॅप्टन कसे आहेत गं?" झालं! मी जी सुरू झाले ती चहा गार झाला तरी थांबेना. शेवटी एकजण म्हणाली, "मृणाल, तू किस्से सांगतेयस की भांडतेयस?"

दोन्ही. मला ते वेगवेगळं करता येत नाही.

तर आधी माणसं सांगते. मी इथे जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये, माहेर नाशिकचं, सासर पुण्याचं. हायडेलबर्गच्या अलीकडच्या एका गावात तीन मजली घर आहे, त्यातल्या मधल्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, नवरा निरंजन आणि मुलगी सई. वरती कॅप्टन मर्सर. अमेरिकन नौदलातले निवृत्त अधिकारी, वय ऐंशीच्या पुढे. व्हिएतनामच्या युद्धात शौर्यपदक मिळालेलं. हायडेलबर्गला समुद्र नाही, हे मलाही माहीत आहे. पूर्वी इथे अमेरिकन लष्कराचं मोठं ठाणं होतं, तिथे त्यांची शेवटची बदली झाली. इथल्याच इंग्रिडशी लग्न केलं. पुढे ठाणं गेलं, इंग्रिडही गेली, हे मात्र इथेच राहिले.

* * *

आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी मी मिक्सर लावला. जर्मनीत रविवारी दुपारी मिक्सर लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण आठवडाभर ऑफिसात "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत मान डोलावल्यावर एखादी तरी चटणी स्वतःच्या मर्जीने वाटावी असं माणसाला वाटतंच की नाही?

बेल वाजली. मी पदर खोचूनच दार उघडलं. पदर नव्हता, पण आवेश तोच. दारात सहा फूट उंच म्हातारा, इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत.

म्हणाले, "मॅडम, माझा डावा कान जहाजावरच्या तोफेने नेला. उजवा मी फार जपला होता."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. भांडायला आलेल्या माणसाने समोरच्याला आधी हसवू नये, हा साधा नियम आहे. म्हटलं, आत या, आणि ज्याने कान गेला ते निदान खाऊन तरी बघा. खोबऱ्याची चटणी आणि डोसे होते. तव्यावरून उतरेल तो डोसा हे संपवत होते, निरंजन ताट घेऊन मागे उभाच.

जाताना विचारतात, "पुढच्या रविवारी किती वाजता वाटणार? मी डावा कान खाली करून बसतो." तेव्हापासून रविवार त्यांचा झाला.

* * *

सई तेव्हा बालवाडीत. कॅप्टन आले की ती त्यांच्या खुर्चीला चिकटून बसायची आणि गोष्ट मागायची. आम्ही सांगितलेल्या गोष्टी हिला नको असत. मी मराठीत सांगणार, ही जर्मनमध्ये "पुढे?" विचारणार, असा आमचा संसार. कॅप्टनशी मात्र इंग्रजीत तासन् तास.

आणि काय त्या गोष्टी! एकदा म्हणे जहाजावर बटाट्यांची ऑर्डर दिली आणि कारकुनाच्या चुकीमुळे सगळे कांदेच आले. बटाटा एक नाही. सकाळी कांदा, दुपारी कांदा, संध्याकाळी कांद्याचं सूप. वरून कोणीतरी मोठा ॲडमिरल तपासणीला आला. सगळे खलाशी डोळे पुसत रांगेत उभे. ॲडमिरलला वाटलं, आपल्याला बघून यांचं मन भरून आलंय. त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली.

सई हसून हसून गडबडा लोळायची. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. पण ऐकता ऐकता असं वाटायला लागलं की व्हिएतनाममध्ये युद्ध नव्हतंच, शाळेची सहल गेली होती. कोणी मरत नाही, कोणाला लागत नाही, सगळे कांदे खातात आणि परत येतात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली.

* * *

सासूबाई आल्या तेव्हाचा तर कहरच. आमच्या सासूबाई सरळ बोलतात, इतक्या सरळ की समोरच्याला लागतंच. पहिल्याच रविवारी कॅप्टनना नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "लढाईत होता ना हा? विचार बरं, किती मारले."

मी म्हटलं, अहो आई, असं विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, "का? केलं ते सांगायला काय लाज?" कॅप्टन माझ्याकडे बघतायत, काय म्हणाल्या म्हणून. मी आपली वेळ मारून नेली. इंग्रजीत म्हटलं, नोकरीत तुम्ही किती देश पाहिलेत असं त्या विचारतायत.

कॅप्टननी बोटांवर मोजलं आणि अभिमानाने हसत सांगितलं, "फोर्टीन."

एवढं इंग्रजी सासूबाईंना येतं! त्यांनी लाडवांची बशी हळूच आपल्याकडे ओढली. पुढे अडीच महिने होत्या त्या इथे, आणि दर रविवारी माझ्या कानाशी, "त्याला तिसरा डोसा घालू नकोस. चौदा मारलेत त्याने."

आता खरं सांगू? मी खुलासा केला नाही. सुरुवातीला आळस म्हणून, आणि नंतर मजा म्हणून. पण जाताना विमानतळावर त्या जे म्हणाल्या त्याने माझं डोकं फिरलं. म्हणाल्या, "मृणाल, तो चौदा म्हणताना हसला. खरे ज्याने मारलेत तो असा हसत नाही. याने आकडा दुसराच कुठलातरी दडवलाय." मी रागाने सामानाची गाडी पुढे ढकलली. आयुष्यभर कणीक मळलेली बाई, आणि मला माणसं शिकवते!

* * *

मग आमचं इथलं मराठी मंडळ. मंडळाचे अध्यक्ष सरदेसाई. त्यांना दर गणपतीत सत्कार करायला कोणीतरी लागतं. शाल तीच, फेटा तोच, माणूस फक्त नवीन हवा. त्या वर्षी त्यांच्या मनाने कॅप्टन घेतले. मी सांगितलं, त्यांना हे आवडायचं नाही. सरदेसाई म्हणाले, "अगं, आवडायला काय, सत्कार आहे. सत्कार कोणाला आवडत नाही?"

नगरपालिकेचा हॉल भाड्याने घेतलेला. निवेदक माइकवर सुटला. सागरसिंह काय, रणधुरंधर काय, सात समुद्रांचा स्वामी काय! कॅप्टन डोक्यावर फेटा घेऊन, हातात नारळ धरून ताठ उभे. हळूच मला विचारतात, याचं करायचं काय? मी म्हटलं, फोटो होईपर्यंत धरा. फोटो झाला. सरदेसाईंनी तो नारळ अलगद काढून घेतला आणि पुढच्या सत्कारमूर्तीच्या हातात दिला. तोच. नारळ एकच होता, सत्कार पाच!

कॅप्टन बघत राहिले. खाली येऊन म्हणाले, "आमच्याकडेही असंच असतं. फक्त तुम्ही ते सगळ्यांसमोर करता."

नंतर भाषण. सरदेसाईंनी जाहीर केलं की आता कॅप्टनसाहेब आपल्या पदकाची शौर्यगाथा सांगतील. कॅप्टननी माइक हातात घेतला आणि कांद्यांची गोष्ट सांगितली. सगळी. सरदेसाईंचं तोंड उतरलं. पण समारोपात त्यांनी सावरून घेतलं: "आपल्या मुलांनी अशा वीरांकडून प्रेरणा घ्यावी!" टाळ्या. पहिल्या रांगेत सई बसली होती, सतरा वर्षांची. तीही टाळ्या वाजवत होती, आणि मी बापडी कौतुकाने तिचा फोटो काढत होते.

* * *

तिने घेतली की प्रेरणा!

अठरावा वाढदिवस झाला आणि एके सकाळी ब्रेडला लोणी लावता लावता कन्येने जाहीर केलं, तेही जर्मनमध्ये, की युनिव्हर्सिटीत अर्ज करणार नाही. नौदलात जाणार. इथल्या. जर्मन. खलाशी म्हणून भरती, मग पुढे बघू. भरतीच्या ऑफिसात बोलणी झालीयेत, तपासण्या झाल्यायत, मॅनहाइमला एका सोमवारी जाऊन सही तेवढी करायचीय. आम्हाला पत्ता नाही!

निरंजन म्हणाला, "आपण यावर शांतपणे बोलू." लग्न झाल्यापासून हा माणूस शांतपणे बोलू म्हणतोय आणि मग बोलतच नाही. मी बोलले. अशी बोलले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन सगळं ठीक आहे ना विचारलं. जगभर काय चाललंय दिसत नाही का? रोज बातम्यांत काय बघतेस? कोणाचं युद्ध, कोणाचं काय, आणि आपण का मरायचं त्यात? ज्या देशाच्या पासपोर्टासाठी मी सरकारी खिडक्यांसमोर वर्षं काढली, त्याने आता माझी मुलगी मागावी?

सई शांत होती. मला त्या शांतपणाची जास्त भीती वाटली. म्हणाली, "तुला पासपोर्ट हवा होता, मम्मा. माझा हा देश आहे."

मी ताटावरून उठले. ती म्हणाली ते खरं होतं, आणि खोटं असतं तर मला इतका राग आला नसता.

संध्याकाळी सरदेसाईंचा फोन. कसं कळलं कोण जाणे. "मृणाल, हे काय ऐकतोय? वेड लागलंय का पोरीला? अगं, मेडिकलला घाल." मी विचारलं, काका, प्रेरणा घ्या म्हणून तुम्हीच ना सांगितलंत, माइकवरून? तर म्हणाले, "ते भाषण होतं गं!"

मी फोन ठेवला. नाही, खरं म्हणजे आपटला. मोबाइल आपटायला महाग पडतो, पण आपटला. प्रेरणा घ्यावी, पण शेजारच्याच्या मुलीने. टाळ्या आपण वाजवू.

* * *

तशीच वर गेले. रागात असले की मी कॅप्टनना मनातल्या मनात अरेतुरे करते, त्या दिवशी तोंडावर इंग्रजीत बोलत होते म्हणून वाचले. म्हटलं, हे तुमचं काम. बारा वर्षं माझ्या मुलीला कांदे खाऊ घातलेत. आता खाली या आणि तिला खरं सांगा. पदक कशाचं मिळालं ते सांगा. युद्ध म्हणजे काय ते तिच्या डोळ्यांत बघून सांगा, म्हणजे ती जाणार नाही.

ते म्हणाले, "नाही."

का नाही?

"इंग्रिडलाही सांगितलं नव्हतं."

म्हटलं, मग माझ्या घरात पाऊल टाकू नका. आणि खाली येऊन मी रविवारचं डोशाचं पीठ बेसिनमध्ये ओतलं. वाया गेलं म्हणून परत चिडले.

आमच्या घरात जिना झाडायची पाळी असते. आठवडा आमचा, मग त्यांचा, मग खालच्या बाईंचा. आमची पाळी आली आणि मी झाडू घेऊन बाहेर पडते तो जिना लख्ख! माफी मागायची ही कसली रीत? तोंडाने बोलायचं नाही आणि जिना झाडायचा? मी तोच स्वच्छ जिना पुन्हा वरून खालपर्यंत झाडला, मुद्दाम झाडू कठड्यावर आपटत आपटत. ते वरून बघत होते. पुढच्या पाळीलाही तेच. त्यांनी झाडायचा, मी झाडलेला झाडायचा. खालच्या बाई एक दिवस मला म्हणाल्या, तुम्ही भारतीय लोक किती स्वच्छ असता!

इकडे घरात बोलणं बंद. सई मला टाळायची, मी निरंजनवर ओरडायचे, निरंजन कचऱ्याचे डबे रंगांप्रमाणे लावत बसायचा. आणि मॅनहाइमचा सोमवार जवळ येत चालला.

* * *

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार, चार-पाचचा सुमार. निरंजन ऑफिसच्या कामाला बर्लिनला. मी पोहे करत होते. सईला पोहे आवडतात, आणि भांडण कितीही असलं तरी पोर उपाशी राहू नये. बेल वाजली. कॅप्टन. कोट, टाय, बूट तसेच चकचकीत. पदक लावलेलं नव्हतं.

"मुलीला बोलवा," म्हणाले.

डायनिंग टेबलाशी बसले. सई समोर, मी गॅसजवळ. आणि त्यांनी सांगितलं, हवामान सांगावं तसं.

जहाजाच्या पोटात स्फोट झाला, बॉयलरपाशी. आग लागली. शेजारीच दारूगोळ्याचं कोठार. आग तिथवर गेली की जहाज गेलं, आणि वरती तीनशेच्या आसपास माणसं. अशा वेळी करायची गोष्ट एकच असते. तो कप्पा बंद करायचा. लोखंडी झाकण टाकायचं, वरून आवळायचं, आगीची हवा तोडायची. तिथला अधिकारी मी होतो, ते म्हणाले. कप्प्यात अजून चौघं होते.

झाकणाशी डॅनी प्रुइट नावाचा खलाशी उभा होता. एकोणीस वर्षांचा. मी त्याला म्हणालो, बंद कर. तो म्हणाला, सर, आतून आवाज येतायत. मी पुन्हा म्हणालो. त्याने हातातला पाना खाली टाकला आणि त्या भोकाच्या काठावर बसून राहिला. मी त्याला ओढून बाजूला केला आणि झाकण मी लावलं.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

कॅप्टन पुढे सांगत होते, जहाज वाचलं. मला पदक मिळालं. प्रुइटवर कोर्ट मार्शल झालं, लढाईत हुकूम मोडला म्हणून. साक्ष माझी होती. मी खरी दिली. त्याला तुरुंग झाला आणि नौदलातून हाकललं.

 सईने विचारलं, "तुमचं चुकलं?"

"नाही," कॅप्टन म्हणाले. "आज वेळ आली तर आजही तेच करीन."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, मी तुम्हाला कशाला बोलावत होते? तिला परावृत्त करायला ना? एकदा तोंडाने म्हणा की चुकलं, एकदा म्हणा की जाऊ नकोस! पण सईने मला हाताने थांबवलं.

"मग प्रुइटचं चुकलं?"

 "नाही."

"दोघंही बरोबर कसे असाल?"

"ते मला कळलेलं नाही," कॅप्टन म्हणाले. "म्हणून मी कांदे सांगतो."

प्रुइट कुठे आहे, असं सईने विचारलं. ओक्लाहोमात, म्हणाले. दर वर्षी त्या तारखेला मी फोन करतो. तो उचलतो, मी नाव सांगतो. तो फोन बंद करत नाही. शिवीही देत नाही. रिसीव्हर बाजूला ठेवतो आणि आपलं काम करत राहतो. मी त्याचं स्वयंपाकघर ऐकतो. नळ, भांडी, कधी रेडिओ. आधी त्याची बायको गुणगुणायची, हल्ली ती ऐकू येत नाही. मग थोड्या वेळाने मीच ठेवतो.

सईने आपला मोबाइल त्यांच्यापुढे सरकवला. "लावा."

"आज ती तारीख नाही."

"लावा."

या मुलीला नाही म्हणणं मला अठरा वर्षांत जमलेलं नाही, त्यांना काय जमणार! त्यांनी नंबर लावला. पाठ होता. सईने आवाज मोठा केला. तिकडे सकाळ. म्हाताऱ्या आवाजात हॅलो आलं. कॅप्टन म्हणाले, "मर्सर." ठक्. रिसीव्हर ओट्यावर ठेवल्याचा आवाज. मग नळ सुरू झाला, बश्या वाजायला लागल्या. आम्ही तिघं त्या बश्या ऐकत बसलो.

सई फोनवर वाकली. "मिस्टर प्रुइट, माझं नाव सई. मी अठरा वर्षांची आहे. परवा मी नौदलात जायची सही करणार आहे. त्याआधी मला तुम्हाला एक विचारायचंय."

बश्या थांबल्या. नळ बंद झाला. सपाता घासत पावलं जवळ आली.

"तो तिथेच आहे?" प्रुइटने विचारलं.

"हो."

"बाहेर पाठव त्याला."

कॅप्टन लगेच उठले. सई माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, तू पण."

माझं घर, माझं स्वयंपाकघर, माझे पोहे, आणि ओक्लाहोमातला कोण कुठला माणूस मला बाहेर काढतो! पण गेले. दार कॅप्टननी लावलं. पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकशेजारी आम्ही दोघं उभे. आतून सईचा आवाज अगदी बारीक येत होता, शब्द कळत नव्हते.

"आजवर हॅलोच्या पुढे तो एक शब्द बोलला नव्हता," कॅप्टन म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, ते विचारलं. तुम्ही साक्ष दिलीत तेव्हा त्याची आई होती का तिथे?

"होती. पहिल्या रांगेत."

काय म्हणाली?

"मला गुड मॉर्निंग म्हणाली."

 मला त्या माणसाला बडवावंसं वाटत होतं आणि बसायला खुर्ची द्यावीशीही वाटत होती. पॅसेजमध्ये खुर्ची नव्हती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सईचे डोळे लाल. काय म्हणाला, मी विचारलं. ती म्हणाली, त्याने मला विचारलं की त्या झाकणापाशी तू असतीस तर काय केलं असतंस. मी खूप विचार केला आणि म्हटलं, मला माहीत नाही. तर तो म्हणाला, मग परवा सही करू नकोस. ज्या दिवशी माहीत होईल, इकडचं किंवा तिकडचं, त्या दिवशी जा.

"मग?"

"मग काय. सोमवारी नाही जात. नंतरचं नंतर."

मी इतके दिवस घसा फोडून जे सांगत होते ते पोरीने एका परक्या म्हाताऱ्याचं बश्या विसळता विसळता ऐकलं! रडू आलं मला, आणि ते रागाचंच होतं, असं मी अजून सगळ्यांना सांगते.

कॅप्टन रॅकशेजारीच उभे होते. त्यांनी आपल्याबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्याने फोन ठेवला?"

"नाइन, नाही ठेवला," सई म्हणाली. "बाजूला ठेवलाय. भांडी घासतोय."

कॅप्टन आत गेले. खुर्ची अजिबात आवाज न करता मागे घेतली आणि फोनसमोर बसले, उजवा कान पुढे करून.

पोहे केव्हाच गार झाले होते. मी ते गरम केले नाहीत. झाऱ्याचा आवाज झाला असता.